समाप्तची पाटी आली तरी उठायचं नाही

रिक्षावाल्याला मी म्हटलं, "जरा टॉकीजवरनं घे." तर तो म्हणतो, "कुटली टॉकीज, मावशी?"

बरोबर आहे त्याचं. टॉकीज पाडली तेव्हा तो शाळेतही जात नसेल. आता तिथं काचेचं मोठं मोबाइलचं दुकान आहे, दाराशी फुगे बांधलेले, आणि आत इतका उजेड की डोळे दिपावेत. तिकिटाच्या खिडकीच्या जागी एटीएम. सगळं गेलं, कोपऱ्यातला कडुनिंब तेवढा राहिलाय. लेडीजच्या रांगेत उभ्या राहून पाय दुखले की आम्ही त्याच्याच बुंध्याला पाठ टेकायचो. मी रिक्षातून वाकून पाहिलं. झाडाला कुणीतरी खिळे ठोकून क्लासची जाहिरात लावली होती.

"हितं थांबवू का?"

"नको बाबा, चल. सात रस्त्याला जायचंय."

सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत एका क्लासचा हॉल दुपारपुरता मागून घेतला होता. तिथं अंधारमामांची शोकसभा होती. त्यांचं खरं नाव मी इथं घेत नाही. पेपरनं घेतलं तेवढं पुरे, आणि तेही आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, मिक्सरच्या जाहिरातीला खेटून. ज्या माणसानं अख्ख्या महाराष्ट्राला दाराच्या फटीची भीती घातली, त्याला एवढीशी जागा! त्यांनी भुताचे सिनेमे काढले. दिग्दर्शन त्यांचं आणि कॅमेराही त्यांचाच. दुसऱ्यांच्या सिनेमांत हिरवा धूर निघायचा, रबरी हात यायचे, बायका किंचाळायच्या. यांच्या सिनेमात काहीच नसायचं. एक दार. एक दिवा. पाठमोरी बसलेली बाई. बाकी सगळा अंधार, आणि तो अंधार असा की आपणच त्यात डोळे फाडून बघत बसावं. म्हणून माझ्या मैत्रिणीनं, नरसूनं, त्यांचं नाव अंधारमामा ठेवलं होतं.

बातमी मी चार दिवसांपूर्वी सकाळी चहा पिताना फोनवर वाचली. वाचली आणि अंगठा आपोआप खाली सरकला, "नरसू भिवंडी" या नावापाशी. तिथं गेल्यावर आठवलं. नरसू गेल्या दिवाळीच्या आधीच गेली. जगात ही बातमी मला एकाच माणसाला सांगायची होती, आणि नेमकं तेच माणूस राहिलं नव्हतं. चहा गार झाला. घरात सांगायला कुणी नाही. यजमान जाऊन वर्षं झाली, मुलगा पुण्याला, आणि त्याला फोन करून "अरे, भुताचे सिनेमे काढणारे गेले रे," म्हटलं तर तो मला डॉक्टरकडे घेऊन जाईल.

नरसू म्हणजे नरसम्मा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्यांच्या घरात पुढं माग होता आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू. माझे वडील मोहोळचे, इथं कचेरीत कारकून. सकाळी डोळा उघडायच्या आधी मागाची खटखट कानात शिरायची. पाहुणे यायचे ते म्हणायचे, झोप कशी लागते हो तुम्हाला? आम्हाला उलट माग थांबला की जाग यायची. चादरीच्या सुताची बारीक बारीक कुसळं सगळीकडं उडत असायची. ती आमच्या भातात असायची, वेणीत असायची, दहावीच्या पुस्तकात तर दर पानावर असायची. माझ्या भूगोलाच्या पुस्तकात निळ्या सुताचा एक तुकडा कितीतरी दिवस नदीसारखा पडून होता.

नरसू शाळेत सातवीपर्यंतच आली. मग आईबरोबर विड्या वळायला बसली. मांडीवर सूप, सुपात पानं, पानांवर तंबाखू, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला चक्कर यावी. बोलणं मात्र थांबायचं नाही. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी, आणि मला हाक मारायची "ए पिल्ला". तेलुगूत पोरीला पिल्ला म्हणतात. मला आजवर कुणी इतक्या मायेनं हाक मारली नाही. हे आता या वयात लिहायला काय लाजायचं?

सिनेमाला जायचं म्हणजे तिच्या वाटच्या विड्या आधी व्हायला हव्यात. मग मीही बसायचे सुपापाशी. माझ्या विड्या पोटुशा बायकांसारख्या फुगायच्या. तिची आई त्या बाजूला काढायची आणि डोक्यावर टपली मारून म्हणायची, "तू पुस्तक वाच गं बाई. आमचं नुसकान नको करू." तरी एक वाजला की आम्ही दोघी पायात चपला सरकवून उन्हात. सोलापूरचं ऊन मी कुणाला समजावून सांगत नाही. ज्यानं खाल्लं त्याला ठाऊक. त्या उन्हातून टॉकीजच्या काळ्या पडद्याआड शिरलं की पहिल्यांदा काहीच दिसायचं नाही, नुसता वास यायचा. भिजवलेल्या वाळ्याचा, शेंगांच्या टरफलांचा, कुणाच्या तरी गजऱ्याचा, आणि वरून ऑपरेटरच्या खोलीतून प्रोजेक्टरच्या जळत्या कार्बनचा उग्र वास. ऑपरेटर होते बाबूभाई. आम्ही त्यांना बघितलं असं नाहीच. त्यांचा खोकला तेवढा ओळखीचा. कोरडा, तीनदा, आणि शेवटी एक "या अल्ला". तो आला की समजायचं, सिनेमा सुरू होतोय.

अंधारमामांच्या सिनेमाला बायका तयारीनं यायच्या. कुणी पदराच्या गाठीत मीठ बांधून आणायची, कुणी लिंबू. आमच्या शेजारच्या एक तर लेकराला काजळाचे तीन ठिपके लावून आणायच्या, म्हणजे पडद्यावरचं भूत त्याच्याकडं बघणार नाही. आमच्याकडं काहीच नसायचं. नरसूचा एकच उपाय. भीतीची जागा आली की ती स्वतःचे डोळे मिटायची नाही, माझे झाकायची. "तू नको बघू पिल्ला, मी बघून सांगते." तिच्या तळव्याला तंबाखूचा वास. त्यामुळं माझ्यासाठी त्या सगळ्या भुतांना तंबाखूचा वास आहे. अजूनही पानपट्टीच्या पुढून गेले की माझे डोळे आपोआप मिटतात. लोक म्हणत असतील, म्हातारीला तंबाखू सोसत नाही.

मग "कंदीलवाली" आला. पोस्टरवर नाव भारदस्त होतं, पण सोलापुरात त्याला सगळे "कंदीलवाली"च म्हणायचे. एक सासुरवाशीण मरते आणि हातात कंदील घेऊन गावभर फिरते. कुणाला मारत नाही, धरत नाही. नुसती खिडकीशी येते, कंदील वर करते आणि विचारते, "माझं घर कुठलं?" बस्स, एवढंच. पण ती कंदील वर करायची तेव्हा मागच्या बाकावरच्या बायका पुढच्यांचे खांदे धरायच्या. शेवटी गावकरी तिला कुठल्याशा दारातून ओढून काढतात, मांत्रिक तिच्या हातातला कंदील हिसकावून विहिरीत टाकतो. पाण्यात उजेड खाली खाली जातो, बारीक होतो, विझतो. पडदा काळा. आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत "समाप्त".

पहिल्या दिवशी आम्ही उठलो. सगळेच उठले. चपला शोधणं चाललं, लेकरं कडेवर घेतली, कुणीतरी दार लोटलं, बाहेरचं ऊन आत आलं. मी नाक पुसत होते. नरसू रागानं म्हणत होती, "असं कुटं असतंय व्हय? घर विचारत हुती बिचारी, सांगायचं तर कुणीतरी!"

आणि पडद्यावर पुन्हा उजेड झाला.

संध्याकाळची वेळ. ज्वारीच्या रानातून एक कंदील येतोय. जिना उतरणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या. कंदील एका घरापाशी येतो. कडी वाजते. आतून आवाज येतो, "कोण हाय?" दार उघडतं. म्हातारी आई दारात उभी. ती ओरडत नाही, घाबरत नाही. कंदिलाच्या उजेडात लेकीकडं नुसती बघते, बघते, आणि म्हणते, "दमलीस का गं?" मग तिला आत घेते. कंदील उंबऱ्यावर ठेवते. ताटात भाकरी वाढते, आणि ती मेलेली लेक गपागपा भाकरी खाते. एवढंच. मग पडदा एकदम पांढरा. पाटी नाही, गाणं नाही, काही नाही.

आम्ही सगळ्या बाकांच्या मधल्या वाटेत उभ्या होतो. एका बाईनं मोठ्यानं हुंदका दिला आणि मग सगळ्या रडायला लागल्या. भुताच्या सिनेमाला रडलेल्या बायका मी त्यानंतर कधी पाहिल्या नाहीत.

दोन दिवसांत गावभर झालं. समाप्त आलं तरी उठायचं नाही. नवखी बाई उठायला लागली की शेजारणी तिचा पदर ओढून खाली बसवायच्या, "बसा हो, ती यायचीय अजून!" पाटी आली की उलट सगळं थेटर चिडीचूप व्हायचं. सोडावाल्याच्या बाटल्यांचा आवाजसुद्धा बंद. आम्हाला वाटलं, वा रे अंधारमामा, काय डोकं आहे! सिनेमा संपल्यावर भूत आणणारा माणूस दुसरा होणे नाही. आम्ही दोघींनी किती वेळा तो पाहिला याची गणती नाही. आणि तेव्हापासून आजपर्यंत कुठल्याही सिनेमाला समाप्त आलं तरी मी उठत नाही. मुलगा वैतागतो, "आई, चल ना, झाडूवाला आला." येऊ दे की. मी काही त्याच्या खुर्चीत बसलेले नसते.

त्याच दिवसांत एका दुपारी अंधारमामा स्वतः आले. गावोगाव टॉकीजमध्ये जाऊन आपला अंधार नीट दिसतो की नाही हे बघायची त्यांना सवय होती म्हणे. लेडीजच्या दाराचा पडदा जरा सरकला आणि उजेडाच्या पट्टीत एक किडकिडीत माणूस उभा राहिला. पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. समाप्तची पाटी आली, कुणी हललं नाही. ते इकडंतिकडं बघायला लागले. मग ज्वारीच्या रानातून कंदील यायला लागला, तसे ते पायरीवर खालीच बसले. मी नरसूला कोपरानं ढोसलं. तिनं बघितलं नाही. तिचं सगळं लक्ष आई दार कधी उघडते तिकडं.

बाहेर मॅनेजर त्यांच्याभोवती हात जोडून नाचत होता, त्यावरून कळलं कोण ते. मी कडुनिंबाच्या मागं लपले. नरसू सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"साहेब, तुमीच का ते कंदीलवालीवाले?"

ते बोलताना एक डोळा बारीक करायचे, कॅमेऱ्यातून बघितल्यासारखा. तसा करून म्हणाले, "हो. भीती वाटली का?"

"सुरवातीला वाटली. मग हिरीत बुडवलं तवा तुमचा लई राग आला बघा मला. आणि मग तुमीच आणलं की तिला घरी! लई बरं केलं साहेब."

मॅनेजर हसत होता, पण त्याच्या कपाळावर घाम का फुटलाय ते आम्हाला कळत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "आईचा चेहरा दिसला का नीट? तिथं उजेड फार कमी होता."

"दिसला की. माझ्या आईवानी हुता."

"मग झालं," ते म्हणाले आणि आत वळले. जिन्यावरून वर जाताना त्यांच्या चपलांचा आवाज आला. एवढीच त्यांची आमची भेट. दोन वाक्यांची. त्या दोन वाक्यांवर आम्ही दोघींनी आयुष्य काढलं.

नरसूचं लग्न झालं आणि ती भिवंडीला गेली. इथले माग बंद पडत चालले होते, तिकडं यंत्रमागांवर काम होतं, निम्मा पूर्व भाग तिकडंच गेला. जाताना तिनं मला शेंगाचटणीचा डबा दिला, जशी काही परगावी मीच निघाले होते. तिच्या लग्नानंतर काही वर्षांनी तिच्या वडिलांचा माग भंगारात गेला. त्या दिवशी मी दुपारी झोपायला आडवी झाले आणि घरात इतकं शांत होतं की मी उठून बसले. आई म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, जाग आली.

पुढं घरोघरी फोन आले. रविवारी दुपारी टीव्हीवर अंधारमामांचा जुना सिनेमा लागला की नरसूचा फोन यायचा. "पिल्ला, लागलाय. ठेवू नको." बस, एवढं बोलून आम्ही गप्प. ती तिकडं बघायची, मी इकडं, आणि फोन मध्ये नुसता चालू. तिच्याकडचे यंत्रमाग ऐकू यायचे, माझ्याकडचा कुकर तिला ऐकू जायचा. भीतीची जागा आली की ती तिकडून सांगायची, "डोळे मीट." मी मिटायचे. शपथेवर सांगते, पन्नाशीची बाई, नोकरीत माझ्या हाताखाली चार माणसं, आणि मी भिवंडीतून तिनं सांगितलं म्हणून सोफ्यावर डोळे मिटून बसायचे.

पण "कंदीलवाली" कधीच लागला नाही. त्याची प्रिंट कुठंतरी सडून गेली म्हणत. त्यामुळं तो आम्ही तोंडानंच पुन्हा पुन्हा बघितला. ती म्हणायची, आईनं हिरवं लुगडं नेसलं होतं. मी म्हणायचे, अगं सिनेमा काळापांढरा होता, हिरवं कुठलं! ती म्हणायची, मला हिरवंच दिसलं. यावर आमचं दरवर्षी एक भांडण ठरलेलं.

ती गेली हे मला तिच्या सुनेनं कळवलं, सुजातानं, आणि तेही नरसूच्याच फोनवरून. मी हौसेनं "बोल गं," म्हणाले, आणि तिकडून दुसराच आवाज आला. त्यानंतर मी त्या नंबरला हात लावला नव्हता.

असो. तर सात रस्त्याचा तो हॉल. मुलं चांगली होती, तिशी-पस्तिशीची, त्यांचा अंधारमामांच्या चाहत्यांचा ग्रुप आहे. फोटोला हार, उदबत्ती, स्टीलच्या ताटलीत पेढे नाहीत पण बिस्किटं. त्यातल्या दाढीवाल्या विनायकनं मला फोन करून बोलावलं होतं. म्हणाला, "काकू, तुमच्या पिढीचं कुणीतरी पाहिजे. आणि एक गंमत आहे. कंदीलवालीची प्रिंट सापडलीय, साफ करून घेतलीय. सभेला तोच दाखवणार."

आता मी का गेले ते सांगते. भाषणासाठी नाही. मला ती पुन्हा घरी आलेली बघायची होती. नरसू होती तोवर ते दार, ती आई, ती भाकरी आम्हा दोघींची होती. ती गेल्यावर मी एकटी उरले, आणि गेले कित्येक महिने माझ्या मनात एक किडा वळवळत होता. आपल्याला आठवतं ते खरंच होतं ना? की विड्या वळता वळता दोन पोरींनी रचलेली गोष्ट? हे विचारावं असं माणूसच नव्हतं.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी समाप्तनंतरच्या त्या शेवटाबद्दल बोलले. मुलांनी एकमेकांकडं पाहिलं. आदरानंच पाहिलं, पण पाहिलं.

सिनेमा लागला. भिंतीवर पांढरा कागद लावला होता त्यावर. किती स्वच्छ दिसत होतं! आमच्या टॉकीजमध्ये पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा असायच्या. कंदील वर झाला आणि माझा हात आपोआप शेजारच्या खुर्चीकडं गेला. खुर्चीवर कुणाचं तरी हेल्मेट ठेवलेलं होतं. मी हात परत घेतला.

पुढं ज्वारीचं रान आलं. मध्येच! अजून विहीर व्हायची होती, आणि ती घरी निघालीसुद्धा. कडी वाजली, "कोण हाय?", आईनं दार उघडलं, "दमलीस का गं?", भाकरी वाढली. होतं तर! मी रचलेलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते धड खाली यायच्या आत पडद्यावर गाव त्या घरावर चालून आलं. आईच्या दारातून तिला ओढून काढलं. मांत्रिक, विहीर, बुडणारा उजेड. काळा पडदा. समाप्त.

दिवे लागले. खुर्च्या सरकल्या. मुलं हातावर हात मारत कुठल्याशा शॉटबद्दल बोलायला लागली. मी बसून राहिले. मला कळत होतं काही येणार नाही, तरी उठवेना. ती घरी येऊन, जेवून, मग बुडाली होती. आणि आम्ही इतकी वर्षं तिला घरी आणून बसवलं होतं.

"काकू, संपला," विनायक हळूच म्हणाला.

तेवढ्यात मागून खोकला आला. कोरडा, तीनदा. "या अल्ला."

मी वळले. सगळ्यात मागच्या ओळीत एक अगदी वाळलेले म्हातारे गृहस्थ, डोक्यावर जाळीची टोपी, हातात काठी, तेही उठले नव्हते. हॉलमध्ये बसलेली आम्ही दोनच माणसं.

"बाबूभाई?" मी म्हटलं.

"हौ. आप कौन, बहन?"

"मी लेडीजमधली. समाप्तला न उठणारी."

त्यांनी कपाळाला हात लावला. मग काठी टेकत माझ्या शेजारच्या खुर्चीपर्यंत आले, हेल्मेट उचलून मांडीवर घेतलं आणि बसले. "मेरीच गलती थी वो," म्हणाले. गावात दोन टॉकीजला मिळून एकच प्रिंट असायची. एका ठिकाणी चालवलेल्या रिळांचे डबे सायकलवरून इथं यायचे. पहिल्याच दिवशी शेवटचे दोन डबे उलटे लागले. पाटीवाला आधी, घराचा नंतर. "पाटी आई तो मेरे हात-पाव ठंडे. बोला, गई नोकरी. पन खाली बघतो तर सगळ्या बाया उभ्या राहून रडतेत. मॅनेजर वरती पळत आला, बोला, हात नको लावू, असंच चालू दे, तिकडच्या टॉकीजलाबी असंच लावायला सांगतो."

"आणि साहेब आले तेव्हा?"

"वोच तो बता रहा. साब वर आले, मी तर पायच धरनार होतो. साबनं स्टूल ओढला. सिगरेट पेटवली. मग बोले, खाली एक छोकरी मिली. ती म्हनली, लई बरं केलं, तिला घरी आणलं. आता मी काय बोलू, बाबू? राहू दे. ह्या गावात असंच राहू दे." बाबूभाई हसले, त्यात पुन्हा खोकला आला. "दुसरीकडं कुठं नाही. नुसतं सोलापूरला."

नरसूच्या एका वाक्यानं ती बाई गावात वाचली होती, आणि नरसूला हे कधी कळलंच नाही. ती जाईपर्यंत अंधारमामांचंच कौतुक करत बसली, मेली.

विनायक सगळं ऐकत उभा होता. बाबूभाई त्याला म्हणाले, "बेटा, जरा पीछे ले. घरवाला डबा. और इसके बाद कुछ नको लगाव." त्यानं लॅपटॉपवर बोट फिरवलं. आता डबे नाहीत, सायकल नाही, बोटानं होतं सगळं. कुणीतरी दिवे घालवले. बाहेर निघालेली मुलं दारात थांबली.

मी फोन काढला. "नरसू भिवंडी." यावेळी अंगठा थांबवला नाही. वाजत राहिला, वाजत राहिला. भिंतीवर ज्वारीचं रान आलं.

"पिल्ला मावशी?" सुजाताचा आवाज. नरसूच्या फोनवर माझं नाव तेच होतं, आणि पोरीनं ते बदललं नव्हतं. मागं यंत्रमाग चालू होते.

मी नुसती श्वास घेत राहिले. ती घाबरेल म्हणून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तिनंच विचारलं, "सिनेमा लागलाय का?"

"हो गं. कंदीलवाली."

"मग ठेवू नका, मावशी. अत्तम्मा सांगायच्या, लागला की ठेवायचं नसतंय."

सासूला ती अत्तम्मा म्हणते. कंदील रानातून जवळ जवळ येत होता. मी फोन भिंतीकडं धरला. शेजारी बाबूभाईंनी हेल्मेट छातीशी धरलं होतं. कडी वाजली. कोण हाय? दार उघडलं, आणि स्वच्छ केलेल्या त्या चित्रात आईचा चेहरा मला पहिल्यांदा इतका नीट दिसला. उजेड अगदी पुरेसा होता. लुगडं काही हिरवं नव्हतं. की होतं, काय सांगावं.

विनायकनं बोट ठेवून चित्र थांबवलं. भाकरीचा घास तिच्या हातात होता. फोनमधून सुजातानं हळूच विचारलं, "आली का ती घरी?"

"आली," मी म्हटलं. "तुझ्या सासूनं आणली."

तिकडं माग चालू होते, आणि फोन आम्ही दोघींनीही ठेवला नाही.